‘एरर’ आली की आधी आकडा वाचा

वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्या व्यापाऱ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाची जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंद करावी लागते. पोर्टल बिलाला 64 अक्षरांचा आयआरएन देते. आपला हिशेबाचा प्रोग्राम ज्या व्यवस्थेमार्फत पोर्टलकडे बिल पाठवतो आणि उत्तर आणतो, तिला एपीआय म्हणतात.

आमच्या पेढीवर एकदा कापडाच्या गाठी टेम्पोत भरून तयार होत्या आणि पाठवलेल्या बिलाचे उत्तरच येईना. गुमास्त्याने तेच बिल पुन्हा पाठवले, तर ‘2150’ असा आकडा आला. त्याने घाईत बिलाचा नंबर बदलला आणि बिल ‘पास’ झाले. महिनाअखेरीस कळले की एकाच मालाची दोन बिले नोंदली गेली आहेत! रद्द करण्याची 24 तासांची मुदत केव्हाच संपली होती. शेवटी क्रेडिट नोट काढून निस्तरावे लागले.

2150 म्हणजे ‘हे बिल आधीच नोंदले आहे’. पहिल्याच वेळी काम झाले होते, फक्त उत्तर वाटेत अडकले होते. 2150 च्या उत्तरात जुना आयआरएनही येतो. तो उतरवून घेतला असता तर नुकसान टळले असते.

तेव्हा व्यापारी बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे. आकडा 4 ने सुरू झाला तर चूक बहुधा आपल्या बाजूची असते. 400 म्हणजे मजकुरात गडबड, 401 म्हणजे ओळख पटली नाही. दुरुस्ती न करता तेच शंभरदा पाठवून उपयोग नाही. 429 म्हणजे फार घाई झाली, थांबा. 5 ने सुरू झाला तर दोष समोरच्या यंत्राचा. 503 आला तर थोडे थांबून, दर वेळी अवधी वाढवून प्रयत्न करावा. 200 आला तरी निर्धास्त होऊ नये. आत ‘स्टेटस’ 0 असेल तर नोंद झालेली नाही; पुढचा एरर क्रमांक वाचावा.

आणि उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे. आधी चौकशी करावी, बिलाचा नंबर मात्र बदलू नये. प्रोग्रामवाल्याला सांगून प्रत्येक उत्तराचा आकडा व मजकूर तारखेसह साठवून ठेवावा. रोजमेळ आपण ठेवतोच, तसाच हाही एक रोजमेळ.