वयस्क शेतकरी आणि हातांतील मोबाईल

सातबाऱ्यावरील पिकाची नोंद पूर्वीं तलाठ्याच्या लेखणीनें होत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ती लेखणी खुद्द खातेदाराच्या हातीं आली. शेतांत उभें राहून मोबाईलवर पिकाचें नांव व क्षेत्र भरावयाचें, पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें आणि तें पाठवावयाचें, एवढेंच तें काम. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली असल्यामुळें या फेरफाराचें महत्त्व आम्हांस चांगलें समजतें. गांव नमुना बारा कोरा राहिला म्हणजे हमीभावाच्या खरेदीकेंद्रावर व अतिवृष्टीच्या मदतीच्या वेळीं खातेदाराची कशी तारांबळ उडते, हें आम्हीं कचेरींत बसून पुष्कळदां पाहिलें आहे. परंतु ही लेखणी ज्यांच्या हातीं आली, त्यांत साठी उलटलेले खातेदार थोडेथोडके नाहींत. आणि त्यांतील पुष्कळांची लेखणी आज दुसराच कोणी चालवितो. यासंबंधानें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

हें होतें कसें, तें पाहा. वडील मंडळींच्या सदऱ्याच्या खिशांत मोबाईल आहे. परंतु फोन आला म्हणजे घेणें व बोलणें संपलें म्हणजे ठेवणें, एवढाच त्याचा उपयोग. त्यापलीकडचें काम निघालें कीं, "आमचें आतां काय राहिलें, पोरें आहेत, तीं करतील," असें म्हणून मोबाईल पुढें केला जातो. नातूही "आबा, द्या इकडे," म्हणून तो घेतो, पांच-सात ठिकाणीं बोट लावतो आणि काम उरकून परत देतो. काम झालें हें खरें. पण आबांच्या पदरीं काय पडलें? हें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे, ही समजूत मात्र अधिक घट्ट झाली. पुढें तोच नातू शिक्षणासाठीं पुण्यास जातो, मुलगा नोकरीच्या गांवीं असतो, आणि पीक पाहणीची मुदत तर संपत आलेली असते. मग कोणाच्या तरी दुकानीं जाऊन मोबाईल, आधारकार्ड व बँकेचें पुस्तक हीं तिन्ही एकदम परक्याच्या स्वाधीन करण्याची पाळी येते.

आपल्या प्रांताच्या इतिहासांत या प्रकारास जुना दाखला आहे. लिहितां-वाचतां न येणारा कुणबी कागदावर सहीऐवजीं नांगराची निशाणी करीत असे. वर काय लिहिलें आहे तें लिहिणारासच ठाऊक. अशा रोख्यांपायीं जमिनी जाऊं लागल्या, तेव्हां १८७५ च्या मे महिन्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला व कर्जरोखे जाळले गेले. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि शेतकऱ्याचा रोखा गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिला जावा, असें ठरलें. आजचा ओटीपी ही त्या नांगराच्या निशाणीचीच नवी आवृत्ति होय. मोबाईलवर आलेला आंकडा न वाचतां दुसऱ्यास सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर निशाणी करून देणें आहे. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, वडीलधाऱ्यांचें काम त्यांच्यासाठीं करून देऊं नये. तें त्यांच्याच बोटानें त्यांच्याकडून करवून घ्यावें.

वयस्क मनुष्यास हें यंत्र जमत नाहीं याचें कारण बुद्धीची उणीव नव्हे. बैलाच्या चालीवरून त्याचें दुखणें ओळखणाऱ्यास चार चित्रांचा अर्थ लावणें कठीण नाहीं. अडचणी निराळ्याच आहेत. मोबाईलची कांच दाबानें चालत नाहीं. कातडीच्या अंगीं वीज वाहून नेण्याचा जो गुण आहे, त्यावरून ती स्पर्श ओळखते. औत-कुदळीनें घट्टे पडलेलें कोरडें बोट तिला नीट उमगत नाहीं. मग मनुष्य जोरानें व बराच वेळ दाबतो. आणि दाबून धरणें हा मोबाईलच्या लेखीं वेगळाच हुकूम असल्यामुळें भलतेंच पान उघडतें. यावर उपाय असा कीं, बोट किंचित् ओलसर करून पुसावें आणि कुंकू लावतांना टेकवितात तसें हलकेंच टेकवून लगेच उचलावें. एवढी एक गोष्ट साधली तरी निम्मी भीति जाते.

दुसरी अडचण डोळ्यांची. मोबाईलच्या सेटिंगमध्यें जाऊन अक्षरें मोठीं करावीं, भाषा मराठी ठेवावी, उजेड वाढवावा, आणि कांच आपोआप काळी होण्याची मुदत तीस सेकंदांऐवजीं निदान दोन मिनिटें करावी. म्हातारा मनुष्य विचार करीत असतांनाच अंधार झाला, तर तो "मोबाईल बिघडला" असें समजून खालीं ठेवतो. न लागणारीं चित्रें पहिल्या पानावरून काढून टाकावीं व कामाचीं पांच-सहाच ठेवावीं. टाइप करणें जड जात असल्यास ध्वनिक्षेपकाच्या चित्रावर बोट टेकवून मराठींत बोलावें. अक्षरें आपोआप उमटतात.

आतां शिकविणाराविषयीं. त्यानें आपले दोन्ही हात पाठीमागें ठेवावे, हा पहिला नियम. तोंडानें सांगावें, बोट लावूं नये. एका बैठकींत एकच काम घ्यावें आणि तेंच तीन वेळां करवावें. शिकणारानें एक वही घालून प्रत्येक कामाच्या पायऱ्या आपल्या अक्षरांत, अनुक्रमांक घालून लिहाव्या. चित्राची खूण वेडीवांकडी कां होईना, पण स्वतः काढावी. दप्तराचा आमचा अनुभव असा आहे कीं, दुसऱ्यानें लिहून दिलेलें टिपण हरवतें, स्वहस्तें लिहिलेलें लक्षांत राहतें. "काल तर सांगितलें होतें," हें वाक्य शिकविणारानें कदापि उच्चारूं नये. चार माणसांत मान असलेला मनुष्य या एका वाक्यानें कायमचा शिकणें सोडतो.

प्रारंभ सातबाऱ्यापासून न करतां आवडीच्या कामापासून करावा. आमच्या शेजारीं सत्तरी उलटलेल्या एक बाई आहेत. त्यांच्या नांवें अडीच एकर जिराईत आहे. सासरीं असलेल्या लेकीचा चेहरा मोबाईलवर पाहतां यावा म्हणून त्यांनीं प्रथम तेवढेंच शिकून घेतलें. पुढें छायाचित्र काढणें आलें, आणि दुसऱ्या हंगामांत नातीला बांधावर उभी करून त्यांनीं आपली पीक पाहणी आपणच भरली. त्या वेळीं मागील नोंद त्यांनीं उघडून पाहिली, तों तुरीच्या जागीं सोयाबीन लागलेलें! ती नोंद दुसऱ्यानें घाईंत भरली होती. स्वतः पाहतां आलें नसतें, तर हें त्यांस कळतेंना.

यापुढील धडा पैशाचा. यूपीआय २०१६ सालीं सुरू झाली. तिच्यांतील मुख्य सूत्र पाठ करावें: पिन घालावा लागतो तो पैसे देण्यासाठीं, पैसे घेण्यासाठीं पिनही लागत नाहीं व चौकटीचें चित्र स्कॅनही करावें लागत नाहीं. सरावासाठीं घरांतल्याच माणसास एक रुपया पाठवून पाहावा. मोबाईलशीं जोडलेल्या खात्यांत थोडीच रक्कम ठेवावी आणि पिकाचा पैसा वेगळ्या खात्यांत असावा. २०१९ पासूनच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांनीं येतात. हप्ता जमा झाला कीं नाहीं, हेंही घरबसल्या पाहतां येतें.

"पण हल्लीं फसवणूक फार, तेव्हां म्हाताऱ्यांनीं या फंदांत पडूंच नये," असें कोणी म्हणतात. हा आक्षेप पोकळ नाहीं. अनुदानाच्या किंवा हप्त्याच्या नांवानें व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती उघडली कीं मोबाईल चोराच्या ताब्यांत जाऊं शकतो. कोणी पोलिसाचा वेष करून व्हिडिओवर "डिजिटल अटक" झाल्याचें सांगतो. अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. परंतु या भामट्यांस सोपें सावज सांपडतें तें अजाण मनुष्याचेंच. ओटीपी म्हणजे काय हें ज्यास कळलें, तो तो सांगणार नाहीं. ज्यास कळलें नाहीं, तो पहिल्या दटावणीसरशीं सांगून मोकळा होईल. फसवणूक झालीच, तर लाज न धरतां तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व बँकेसही खबर द्यावी. जितका उशीर, तितकी पैसे अडविण्याची आशा कमी.

धोक्यापेक्षां लाभ मोठा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचें दामिनी ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतें. वळवाच्या दिवसांत शेतांत एकट्या असलेल्या मनुष्यास याचें मोल किती, हें सांगणें नलगे. पिकावर रोग दिसला, तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर मराठींत सल्ला मिळतो.

सारांश, हें शिक्षण तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें होऊं नये. खरिपाची पीक पाहणी येण्यापूर्वींच, उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत, संघाच्या गांवोगांवच्या सभासदांनीं आठवड्याच्या बाजारादिवशीं देवळांत अथवा चावडींत तासभर बैठक घालावी. शिकविण्यास गांवचींच दहावी-बारावीचीं मुलें-मुली घ्यावीं. एकास एक असें बसवावें. स्त्री-खातेदारांस आवर्जून बोलवावें. खर्च कांहींच नाहीं, चिकाटी मात्र पाहिजे. ज्यांनीं आम्हांस बोट धरून चालावयास शिकविलें, त्यांचें बोट या कांचेवर टेकविण्यास रोज पाव तास देणें ही कांहीं मोठी परतफेड नव्हे. जमीन ज्याची, तिची नोंदही त्याच्याच हातची असावी.