गळाला मुशी लागली तर?

मुलांच्या परीक्षा संपल्या, की घराघरांतून एकच विषय निघतो, ‘यंदा कुठं जायचं?’ आपल्या फैजपूर-सावद्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. दुपारी अंगणातसुद्धा पाय ठेववत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘चला, कोकणात जाऊ. मुलांना समुद्र दाखवू.’ भुसावळला रात्रीची गाडी धरायची, मुंबईला उतरायचं आणि पुढं कोकण गाठायचं. दशम्या, चटणी, शेवेची पुडी, पाण्याच्या बाटल्या, सगळं आपण आठवणीनं भरतो. पण ज्या समुद्राकडे निघालो त्याच्याविषयी आपल्याला काय ठाऊक असतं? खरं सांगायचं तर फारसं काहीच नाही. आपण तापीकाठच्या बायका. नदी आपल्याला कळते, समुद्र कळत नाही.

आमच्या गल्लीतल्याच एका घरची गोष्ट सांगते. नावं कशाला हवीत? मागच्या सुट्टीत ही मंडळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी गेली होती. धाकट्या दिरांना मासे धरण्याची हौस. त्यांनी गळाची काठी बरोबर घेतली होती. संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहून गळ टाकला आणि थोड्या वेळानं काठी वाकली. ओढून काढलं तर चांगली दीड हाताची मुशी! मुशी म्हणजे शार्क, बरं का. कोकणात तिला मुशी म्हणतात, कुठं मोरी म्हणतात. झालं, फोटो काढायची एकच घाई उडाली. बारा वर्षांच्या पुतण्यानं तिला शेपटीला धरून उलटी उचलली. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच ती वळली आणि तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला. सात टाके पडले.

जवळच एक म्हातारी कोळीण जाळं निवडत बसली होती. ती म्हणाली, “मुशीच्या अंगात हाड नसतं, बाय. शेपटीला धरली तर ती पार हातापर्यंत वळते.” म्हातारीचं बोलणं अगदी खरं आहे. शार्कचा सांगाडा हाडांचा नसतो, आपल्या कानासारख्या कूर्चेचा असतो. म्हणून ती इतकी लवचीक.

घरी परतल्यावर मुलाच्या आईनं मला दोन प्रश्न विचारले. ‘पुन्हा पोराला समुद्रावर न्यायचं की नाही?’ हा पहिला. आणि दुसरा, ‘शार्क पकडणं गुन्हा आहे म्हणतात, ते खरं का हो?’ मैत्रिणींनो, हे प्रश्न उद्या तुम्हालाही पडतील. म्हणून हा लेख.

भीती किती धरायची?

सिनेमांनी शार्कला राक्षस करून ठेवलं आहे. पण साऱ्या जगात वर्षाकाठी माणसांना न छेडता शार्क चावल्याच्या घटना साधारण साठ-सत्तर होतात आणि त्यांत दगावणारी माणसं बहुधा दहाच्या आतच असतात. उलट, एकट्या आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं पाण्यात बुडून जातात. आता तुम्हीच सांगा, जास्त भीती कशाची धरायची?

आपल्या राज्यात असं कधी घडतच नाही, असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाला शार्कनं चावा घेऊन गंभीर जखमी केलं. तो शार्क ‘बुल शार्क’ जातीचा होता. ही जात खाऱ्या पाण्याइतकीच गोड्या पाण्यातही राहू शकते आणि तिच्या माद्या पिलं घालायला खाडीत, नदीच्या मुखात येतात. म्हणून खाडीच्या गढूळ पाण्यात, विशेषतः संध्याकाळी, मुलांना उतरू देऊ नये.

हे ऐकून आमच्या शेजारच्या बंड्यानं लगेच विचारलं, “मग आपल्या तापीत येईल का?” नाही रे बाबा! तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते खरी, पण मध्ये काकरापार आणि उकाईची धरणं आडवी आहेत. आपल्या तापीत भीती आहे ती डोहाची आणि अचानक वाढणाऱ्या पाण्याची.

पायाखालचं पाकट

शार्कपेक्षा किनाऱ्यावर जास्त गाठ पडते ती तिच्या चुलतबहिणीशी, पाकटाशी. पाकट हा ताटासारखा चपटा मासा उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसतो. त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. २०१३ च्या गणेशोत्सवात मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन करताना कितीतरी भक्तांना पाकटांनी काटे मारले होते. सिंधुदुर्गाकडे किनाऱ्यावरून रापण ओढतात, म्हणजे समुद्रात लांबलचक जाळं सोडून सारा गाव दोरीनं ते किनाऱ्याला ओढतो. पाहुण्यांनाही दोरीला हात लावायची हौस असते. जरूर लावावा. पण जाळं किनाऱ्याला लागलं, की मुलांना मागं घ्यावं, कारण त्यात पाकटं आणि लहान मुशीही जिवंत असतात.

पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नये, वाळूतून सरपटत न्यावा. म्हणजे चाहूल लागून पाकट आपणच निघून जातं. काटा लागलाच, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. या उष्णतेनं वेदना खूप कमी होतात. मात्र पाणी आधी आपल्या चांगल्या हातानं पाहावं, नाहीतर एक करता दुसरं व्हायचं! काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपटू नये, तसंच दवाखान्यात न्यावं.

मुशी चावली, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावं, हात किंवा पाय उंच ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावं. हळद, चुना, तंबाखू असलं काही जखमेत भरू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारावं.

कायदा काय सांगतो?

आता दुसरा प्रश्न. शार्क पकडणं सरसकट गुन्हा नाही. कोळीवाड्यात येणाऱ्या लहान मुशीच्या बऱ्याच जाती विकायला आणि खायला बंदी नाही. पण काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघासारखंच संरक्षण दिलं आहे. मे २००१ मध्ये पहिला मान मिळाला तो व्हेल शार्कला. आपले कोळी तिला बहिरी म्हणतात. त्याच वर्षी करवत मासा, गंगेतला शार्क अशा आणखी काही जाती यादीत आल्या. पुढं २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिनं ही यादी आणखी वाढवली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली, तर तीन ते सात वर्षांची कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड होतो. आणि शिकार म्हणजे केवळ मारणं नव्हे हं! पकडणं आणि पकडायचा प्रयत्न करणं हेही कायद्याच्या भाषेत शिकारच.

शार्कचे पर परदेशी सूपासाठी जात. ते कापून धड समुद्रात फेकायची क्रूर रीत २०१३ च्या नियमानं बंद झाली. मासा आणायचा तर परांसकट, असं ठरलं. २०१५ मध्ये परांची निर्यातच थांबवली. शिवाय आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि वरून खवळलेला समुद्र. त्या दिवसांत आपणही किनाऱ्यावर धाडस करू नये. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं गळ काढण्याआधी चौकशी केलेली बरी.

माहेरवाशीण बहिरी

कायदे पुष्कळ असतात, पण ते पाळावेसे वाटायला मनाला काहीतरी भिडावं लागतं. गुजरातच्या किनाऱ्यावर एके काळी बहिरीला तेलासाठी आणि मांसासाठी शेकड्यांनी मारत. तिच्या काळजाचं तेल होड्यांना चोपडत. खरं तर ही बहिरी एस.टी.च्या बसएवढी मोठी, पण खाते काय, तर पाण्यातले अगदी बारीक जीव. माणसाला तिचा काही त्रास नाही. २००४ मध्ये तिथं मोहीम निघाली आणि मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं, की ही आपल्या किनाऱ्याला येते ती बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसारखी. तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असं नाव मिळालं. दारी आलेल्या लेकीला कोण मारील? कोळ्यांनी आपली महागडी जाळी स्वतःच्या हातानं कापून शेकडो बहिरी सोडून दिल्या. आपल्या सरकारनंही २०१८ पासून अशा संरक्षित जीवाला सोडताना जाळं फाटलं, तर कोळ्याला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली.

शार्कची जात बाळंतपणाच्या बाबतीत आपल्यासारखीच आहे. इतर मासे लाखो अंडी घालतात. पण शार्क वयात यायला बरीच वर्षं घेते आणि पुष्कळ जातींत पोटी थोडीच पिलं येतात. म्हणून एक मादी गेली, की तिची जागा लवकर भरून निघत नाही.

गळ टाकायचाच असेल तर

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात किनाऱ्यावरून शार्क धरायची मोठी हौस आहे. तिथं २०१९ पासून नियम केले. आधी शिकवणी पुरी करून परवाना घ्यायचा. किनाऱ्यावरून पाण्यात माशांचं रक्तमांस टाकून शार्कना बोलवायचं नाही, कारण शेजारी मुलं पोहत असतात. संरक्षित जातीची शार्क लागली, तर तिला पाण्याबाहेर काढायचंच नाही. आपल्याकडे हौशी लोकांसाठी अशी शिकवणी नाही, पण शहाणपण उचलायला परवाना कशाला हवा? मुलांच्या बाबांना आणि दिरांना एवढं जरूर सांगा:

१) पोहणारी मुलं असतील तिथं गळ टाकू नये. मासे साफ केल्याची घाण पाण्यात फेकू नये.

२) जोडीला एक चांगली पकड आणि कात्री ठेवावी.

३) मुशी लागली, तर तिला वाळूवर ओढू नये. पाण्यातच, जमेल तितक्या तोंडाजवळ दोरी कापावी आणि सोडून द्यावं. मुलांना दहा पावलं मागं ठेवावं.

४) खडकावर उभं राहण्याआधी भरतीची वेळ पाहावी. कोकणातल्या बायका ती बोटांवर मोजतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमाराला, आणि तेव्हा उधाणही मोठं. भिंतीवरचं कॅलेंडर पाहून आपल्यालाही जमेल! हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून गावातल्या माणसाला विचारून खात्री करावी.

तिसरा नियम पुन्हा वाचा. मुशी पाण्यातच सोडली, तर मुलाचा हात वाचतो, मुशीचा जीव वाचतो आणि ती कुठल्या जातीची, यादीत आहे की नाही, हा घोरही उरत नाही. एका कात्रीत तिन्ही कामं!

आणि स्वयंपाकघरात?

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत मासा शिजत नाही. पण ज्यांच्याकडे शिजतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खायला घालायची रीत कोकणात आहे, तमिळनाडूतही आहे. परंतु शार्क इतर मासे खाते आणि बरीच वर्षं जगते, त्यामुळे तिच्या मांसात पारा साठतो. हा पारा पोटातल्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मेंदूला बाधतो. म्हणून इंग्लंड-अमेरिकेत गर्भवतींना आणि लहान मुलांना शार्क खाऊच नये असं सांगतात. बाळंतिणीला मासाच द्यायचा, तर बांगडा, तारली असे लहान मासे बरे. नाहीतर आपले डिंकाचे लाडू आणि मेथी कुठं गेली आहे?

परवा ती मुलाची आई पुन्हा भेटली. मनगटावरचे वण आता पुसट झाले आहेत. “यंदा परत कोकणात निघालोय,” ती म्हणाली. “पोरगं ऐकत नाही.” मी म्हटलं, “जा की! समुद्राचा काय दोष?” ती हसली आणि पिशवीतून नवी कात्री काढून दाखवली. दिरांची काठी बरोबर आहेच, पण कात्री मात्र तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवली आहे.

तुम्हीही निघाल, तेव्हा दशम्यांच्या डब्याशेजारी एक कात्री ठेवायला विसरू नका.