डिझेलची पारख आणि बाटलीतील औषधे

शहाद्यास लागून असलेल्या लोणखेड्याच्या परिसरात ज्या घरी ऊस, कापूस किंवा पपई यांची शेती आहे, त्या घरी धान्याच्या कणगीइतकेच डिझेलच्या पिंपालाही महत्त्व आले आहे. नांगरणीपासून उसाच्या वाहतुकीपर्यंतची कितीतरी कामे ट्रॅक्टरवर अवलंबून असतात. धान्यातील खडा निवडल्याशिवाय आपल्या घरी दळण होत नाही; परंतु इंजिनाच्या पोटात काय जाते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला, म्हणजे मात्र बाजारातून 'ताकद वाढविणारी' एखादी बाटली आणून टाकीत रिकामी केली जाते. हा उपचार कितपत खरा आहे, याचा येथे थोडा विचार करू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात हवा दाबून इतकी तापविली जाते की, तीत शिरलेले तेल आपोआप पेट घेते. ते किती चटकन पेटते, हे सीटेन अंकावरून कळते. आपल्याकडे हा अंक किमान ५१ असावा लागतो. शिवाय जळण्यापूर्वी हेच तेल पंप व नोजल यांच्या अतिशय बारीक फटींतून जाताना त्यांना वंगण पुरविते.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे प्रमाण १० भागांहून अधिक चालत नाही. पूर्वी ही मर्यादा ५० होती. गंधक काढताना तेलाचा स्वाभाविक वंगणगुणही कमी होतो. म्हणून वंगण वाढविणारे द्रव्य शुद्धीकरण कारखान्यातच मोजून मिसळतात. सीटेन अंक वाढविणारी व नोजल स्वच्छ ठेवणारी द्रव्येही आहेत. त्यांना थोतांड म्हणणे अन्यायाचे होईल. कडक थंडीत तेलातील मेण गोठू नये म्हणूनही एक द्रव्य घालतात. खानदेशच्या उन्हात त्याची गरज ती काय? एकंदरीत, चांगल्या डिझेलला वरून औषध क्वचितच लागते आणि वाईट डिझेल औषधाने चांगले होत नाही.

वाईट म्हणजे काय? पहिला शत्रू रॉकेल. ते डिझेलपेक्षा पातळ व वंगणास कमी. त्यामुळे पंप अकाली झिजतो. शिधापत्रिकेवरील रॉकेल फार स्वस्त होते, त्या काळी या भेसळीत मोठा पैसा होता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाची भेसळ उघडकीस आणू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. ज्या शुद्धतेपायी एका कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्याने प्राण गमावले, तिची साधी चौकशी करण्यास आपण संकोचावे, हे शोभत नाही. पंपावर हायड्रोमीटरने घनता मोजून दाखविण्याची मागणी ग्राहकास करता येते. १५ अंश तपमानाच्या हिशेबाने काढलेली घनता नोंदीपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून अधिक वेगळी आली, तर संशयास जागा आहे. कागदावर थेंब टाकून पाहण्याची परीक्षा मात्र पेट्रोलची. ती डिझेलला लागू नाही.

दुसरा शत्रू पाणी, आणि तो बहुधा आपल्याच घरी शिरतो. अर्धवट भरलेल्या पिंपात रात्रीच्या गारव्याने दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते. पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत गाळ फिल्टर तुंबवितो. पाणी तेलात विखरून टाकणारी बाटली ते पाणी नोजलपर्यंतच पोचविते! त्यापेक्षा पिंप सावलीत व घट्ट झाकून ठेवावे, तळचे तेल घेऊ नये, ट्रॅक्टरची टाकी सायंकाळी काम आटोपताच भरावी आणि फिल्टरखालचे पाणी वेळच्या वेळी सोडावे.

इतके करूनही धूर थांबला नाही, तर हवेचा फिल्टर तुंबला आहे की नोजल झिजले आहे, हे जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. बाटलीचे पैसे त्या तपासणीस लावणे केव्हाही श्रेयस्कर.