गांवचें श्रमदान व लोकवर्गणी : त्यांचा हिशेब कसा ठेवावा?

परोपकार आपल्या गांवगाड्यास नवा नाहीं. ऐन पेरणींत कोणाचा बैल बसला तर शेजारी आपलें औत घेऊन जातो. देशावर ज्यास इरजिक म्हणतात, त्यांत मदतीस आलेल्यांस मजुरी नसते, पोटभर जेवण असतें. सावडींत आज मी तुझ्या वावरांत व उद्यां तूं माझ्या, असा फेर असतो. ह्या दोन्ही रूढी पिढ्यान् पिढ्या टिकल्या, ह्याचें कारण उघड आहे. कोणी किती दिलें व कोणास किती मिळालें, हें दोघांच्याही डोळ्यांसमोर असतें. परंतु काम एका वावराचें नसून सबंध गांवाचें असलें, म्हणजे हा हिशेब आपोआप दिसत नाहीं. तो मुद्दाम लिहून ठेवावा लागतो. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य मुलकी खात्याच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें ह्या एका गोष्टीबद्दल शेतकरी बंधूंच्या सेवेस चार शब्द सादर करीत आहे.

पूर्वपीठिका

वऱ्हाडच्या मातींत ह्या कामाचे मोठे आदर्श होऊन गेले. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज गांवांत शिरतांच प्रथम खराटा हातीं घेत व मग कीर्तनास उभे राहत. लोकांनीं दिलेल्या पैशांतून त्यांनीं ठिकठिकाणीं धर्मशाळा उभारल्या. स्वतःजवळ मात्र फुटकें मडकें व गोधडी ह्यांपलीकडे कांहीं ठेविलें नाहीं. त्याच जिल्ह्यांत मोझरी येथें तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापून ग्रामसफाई व सामुदायिक श्रम ह्यांस प्रार्थनेची जोड दिली. पुढें १९६७ सालीं बाबा आमटे ह्यांनीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सोमनाथ येथें तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली.

वर्गणीचाही इतिहास असाच बोधप्रद आहे. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं पैसा पैसा जमवून जो पैसा फंड उभा केला, त्यांतून १९०८ सालीं तळेगांव येथें कांचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेस घरोघरच्या मुष्टिफंडाचा आधार झाला. मुष्टिफंड म्हणजे रोज स्वयंपाकापूर्वीं मूठभर धान्य वेगळें काढून ठेवणें. मूठ पन्नास ग्रॅमची धरली, तर दोनशें उंबऱ्यांच्या गांवांत दिवसास दहा किलो व महिन्यास तीन क्विंटल धान्य जमतें. आणि कोणाच्याही ताटांत तें कमी पडत नाहीं. थोडें, परंतु नेमानें व पुष्कळांनीं दिलेलें, हें वर्गणीचें पहिलें रहस्य होय.

अलीकडील उदाहरण

अलीकडच्या काळांत श्रमदानाची सर्वांत मोठी लाट पाण्याच्या कामांत उसळली. पानी फाउंडेशन ह्या संस्थेनें २०१६ सालीं वॉटर कप नांवाची गांवोगांवची स्पर्धा भरविली. पहिल्या वर्षीं वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव हे तीनच तालुके होते. २०१७ सालीं ते तीस झाले व त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्याचाही समावेश झाला. त्या वर्षापासून ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस स्पर्धेस ठरविलेले असत. २०१७ सालचें पन्नास लक्ष रुपयांचें पहिलें पारितोषिक शेजारच्या वर्धा जिल्ह्यांतील आर्वी तालुक्यांतल्या काकडदरा ह्या लहानशा आदिवासी गांवास मिळालें. १ मे २०१८ रोजीं महाराष्ट्र दिनाच्या निमित्तानें शहरांतील हजारों माणसें जलमित्र म्हणून खेड्यांत येऊन खोदकामास लागलीं. वॉटर कप २०१९ सालानंतर थांबला. पुढें त्याच संस्थेनें २०२२ पासून गटशेतीची स्पर्धा हातीं घेतली. स्पर्धा थांबली तरी तिनें घालून दिलेला धडा आपल्या कामास येण्याजोगा आहे.

तो धडा असा. प्रथम गांवांतील निवडक स्त्रीपुरुष प्रशिक्षणास जात व काम शिकून येत. कुदळ त्यानंतर उचलली जाई. काम माथ्याकडून पायथ्याकडे करावें, म्हणजे टेकडीवर चर, उतारावर दगडी बांध व खालीं नाल्याचें काम, असा क्रम असे. वरचें पाणी न अडवितां खालचा नाला खोदला तर पहिल्याच जोराच्या पावसांत तो गाळानें भरतो. चर समपातळींतच असला पाहिजे. नाहीं तर सगळें पाणी एका टोकास धांव घेऊन चर फोडतें. ही पातळी पाण्यानें भरलेल्या पारदर्शक नळीनें व दोन मोजपट्ट्यांनीं कोणासही काढतां येते.

श्रमाचें मोजमाप

श्रमदानास माप नसतें, असें पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः त्याचें माप पैशाइतकेंच सोपें आहे. दहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल चर खोदला तर १·८ घनमीटर माती निघते, व तो एकदां भरला म्हणजे १,८०० लिटर पाणी अडतें. आतां शंभर माणसांनीं रोज पहाटे येऊन प्रत्येकीं अर्धा घनमीटर खोदलें, असें धरून चालूं. पंचेचाळीस दिवसांत २,२५० घनमीटर खोदाई होते. एवढ्यांत वरील मापाचा साडेबारा हजार मीटर चर निघतो व तो प्रत्येक वेळीं तुडुंब भरला कीं साडेबावीस लक्ष लिटर पाणी जमिनींत मुरावयास मिळतें. पाऊस चार वेळां चांगला झाला तर आंकडा चौपट.

म्हणून हजेरीपत्रकांत नुसत्या सह्या घेऊन थांबूं नये. दिनांक, ठिकाण, हजर माणसें व झालेल्या कामाचें माप हे चार रकाने रोज भरावे. काम कोणाच्या मालकीच्या जमिनींत येतें तें सातबारा व गांवनकाशा पाहून ठरवावें आणि मालकाची लेखी संमति काम सुरू होण्यापूर्वींच घ्यावी. एकदां धुरा खणला गेला कीं मग भांडण मिटविणें कठीण. वनखात्याच्या हद्दींत तर परवानगीवांचून एक टोपलेंही माती हलवूं नये. सर्व कामाचा आराखडा ग्रामसभेंत वाचून ठराव करून घ्यावा.

लाभ कोणास, भार कोणावर?

येथें एक नाजूक परंतु अवश्य बोलावयाची गोष्ट आहे. नाल्यांत पाणी थांबलें कीं प्रथम विहिरींची पातळी वाढते. आणि विहीर ज्याच्या मालकीची त्याचा हरभरा व गहू भिजतो. श्रमदानास मात्र भूमिहीन मजूरही येतो व पहाटेचे तीन तास घाम गाळून मग रोजानें कामास जातो. त्याच्या पदरांत काय पडतें? पिण्याचें पाणी व हिवाळ्यांतील कांहीं रोजगार. हें थोडें नव्हे, पण जमीनदार शेतकऱ्याच्या लाभाशीं त्याची बरोबरी होत नाहीं.

सबब वर्गणी दरडोई सारखी ठेवणें न्यायाचें नाहीं. सारा जसा जमिनीच्या मानानें आकारतात, तशी वर्गणीही एकरवारी आकारावी. नाल्याकांठच्या व ओलिताच्या जमिनीस दर अधिक, दूरच्या कोरडवाहूस कमी व भूमिहीनास माफी असावी. त्याचे श्रम हीच त्याची वर्गणी समजावी. यंत्राचें डिझेल, सिमेंट, दगडाची वाहतूक हा खर्च ह्या आकारणींतून भागवावा. ज्या घरचा रोज बुडाला, त्यास मुष्टिफंडाचें धान्य द्यावें. असें केलें तरच दुसऱ्या वर्षीं तो मनुष्य पुन्हां कुदळ घेऊन येईल.

पैशाचा हिशेब

एका गांवीं उत्साहानें जमविलेल्या वर्गणीचा जमाखर्च कोणीं लिहिला नाहीं. पैका कोणीं खाल्ला असेंही सिद्ध झालें नाहीं. पण संशय राहिला, आणि पुढें कित्येक वर्षें तेथें देवळाच्या रंगासही कोणी रुपया देईना. चोरीपेक्षां न लिहिलेला हिशेब गांवाचें अधिक नुकसान करतो, हें मीं स्वतः पाहिलेलें आहे. तें टाळण्याचे नियम थोडे व सोपे आहेत :

१. पावतीपुस्तकें अनुक्रमांकित असावीं व तीं कोणाकडे दिलीं त्याची नोंद ठेवावी. पावतीवांचून रुपया घेऊं नये.

२. रक्कम बँकेंत ठेवावी व ती दोघांच्या सह्यांनींच निघावी. त्या दोघांत एक भगिनी असल्यास उत्तम.

३. रोख, धान्य व श्रम ह्यांचीं खातीं निराळीं असावीं.

४. दरमहा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा व ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावा. कारण ज्यास वाचतां येत नाहीं त्यानेंही मूठ दिलेली असते.

५. काम संपल्यावर शिल्लक काय व ती कोणाच्या ताब्यांत, हें ठरावानें लिहून ठेवावें.

कायद्याचीही माहिती असावी. नोंदणी झालेली संस्था नसतां कोणी सार्वजनिक धर्मादाय कामासाठीं वर्गणी जमवूं लागला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ह्याच्या कलम ४१ क अन्वयें त्यानें धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास कळवून परवानगी घ्यावी लागते व नंतर हिशेबही सादर करावा लागतो. गणेशोत्सव मंडळें हाच रस्ता धरतात. नाल्याच्या वर्गणीसही तोच रस्ता सुरक्षित.

पाण्यापलीकडील सेवा

आपल्या जिल्ह्यांत कर्त्या शेतकऱ्याच्या मृत्यूनें उघडीं पडलेलीं घरें गांवोगांव आहेत. नाम फाउंडेशनचे संस्थापक नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे ह्यांनीं २०१५ सालीं अशा घरांतील भगिनींस पंधरा हजार रुपयांचे धनादेश देण्यापासून आरंभ केला व पुढें ते नालाखोलीकरणाकडे वळले. रोख मदत दुःखाच्या वेळीं हवीच; पण मृगाचा पाऊस पडल्यावर त्या भगिनीच्या वावरांत पेरणी कोण करणार, हा प्रश्न धनादेशानें सुटत नाहीं. तो गांवानेंच सोडवावा. सात-आठ औतें किंवा एक ट्रॅक्टर अर्धा दिवस दिला तर तिचें वर्ष वांचतें. हें काम पेरणीपूर्वींच नांवें घालून वांटून द्यावें. वेळेवर आठवूं म्हणून ठेवल्यास प्रत्येकास आपलीच वाफ साधावयाची असते.

दुसरी सेवा रक्तदानाची. जिल्ह्यांत सिकलसेल रोगाचे रुग्ण आहेत, व बाळंतीण आणि अपघातांत सांपडलेला मनुष्य ह्यांसही रक्त लागतें. उन्हाळ्यांत शिबिरें कमी झाल्यानें टंचाई भासते. अठरा ते पासष्ट वर्षांच्या निरोगी मनुष्यास रक्त देतां येतें. पुरुषानें दोन वेळांत तीन महिन्यांचें व स्त्रीनें चार महिन्यांचें अंतर ठेवावें. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें पांच ते सहा आठवडेच टिकतात. म्हणून सगळ्या गांवानें एकाच दिवशीं देण्यापेक्षां आसपासच्या चार गांवांनीं निरनिराळे महिने वांटून घेणें अधिक उपयोगाचें. येथेंही पुन्हां यादी व तारीख, म्हणजे हिशेबच आला.

समारोप

आतां हंगामाचा विचार करावा. कापसाची वेचणी आटोपून हातीं पैसा आला कीं माघ-फाल्गुनांत वर्गणी आकारावी. चैत्र-वैशाखांत पहाटे श्रमदान करावें. रोहिणी लागण्यापूर्वीं चरांचीं व बांधांचीं तोंडें तपासावीं. पावसाळ्यांत विहिरींची पातळी दर पंधरवड्यास मोजून लिहावी आणि दिवाळीनंतरच्या ग्रामसभेंत कोणीं दिलें, काय झालें व लाभ कोणास पोंचला, ह्या तीन रकान्यांचा ताळेबंद वाचावा. तिसऱ्या रकान्यांत ज्याचें नांव मोठें, त्याचें पहिल्या रकान्यांतही मोठें असावें, एवढीच जमीन बाळगणाऱ्या वाचकबंधूंस नम्र विनंति आहे.