श्रद्धा घरची, मूल शाळेत: कायदा काय म्हणतो?

ठाण्यात असो वा डोंबिवलीत, मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर श्रद्धाळू आईवडिलांची ओढाताण होते. ती खरी असते, तिची टवाळी नको.

संविधानाचे कलम 25 धर्मस्वातंत्र्य देते. कलम 28 नुसार सरकारमान्य शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी, पण श्रद्धेमुळे ते न गाणारी केरळची तीन भावंडे शाळेतून काढली गेली. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला.

मात्र कलम 25 स्वतःच इतर मूलभूत हक्कांच्या अधीन आहे. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 तर स्पष्ट सांगतो की, समाजाच्या धार्मिक समजुतींशी न जुळणे हा मनोविकार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. म्हणून मुलाला ‘बरे करण्यासाठी’ डॉक्टरकडे नेऊ नका. लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले आहेत.

कमकुवत दुवा शाळेचाच. 2007 मध्ये महाराष्ट्राने लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. 2021 मध्ये तृतीयपंथी विद्यार्थ्यांविषयीची एनसीईआरटीची शिक्षक-पुस्तिका आक्षेपांनंतर संकेतस्थळावरून हटली. तृतीयपंथी विद्यार्थ्यांना 2019 च्या कायद्याचे संरक्षण तरी आहे. समलिंगी मुलांसाठी शाळेपुरते असे स्वतंत्र कलम नाही.

मदतीसाठी: चाइल्डलाइन 1098, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस 14416, मराठीतही.