एक गळा, एक तार

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की पाऊण तासात सिन्नर येतं. याच तालुक्यातल्या बावी गावचा परशराम, पेशवाईच्या उतरत्या काळातला शाहीर. व्यवसायानं शिंपी. रामजोशी, होनाजी बाळा यांच्या मालिकेत त्याचं नाव घेतलं जातं. त्याच रस्त्यानं पुढं गेलं की संगमनेर, म्हणजे अनंत फंदीचं गाव. आणि परशरामानंतर बऱ्याच काळानं, १५ ऑगस्ट १९२२ रोजी, सिन्नर तालुक्यातल्याच देशवंडीत वामन तबाजी कर्डक जन्मले. महाराष्ट्रानं पुढं त्यांना वामनदादा म्हटलं. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या टापूनं आपलं गाणं आपणच रचणारी माणसं अशी पिढ्यान्‌पिढ्या दिली आहेत.

हे आठवायचं कारण म्हणजे गिटार. नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या कॅफेंमध्ये संध्याकाळी ‘ओपन माइक’ होतात. विशी-बाविशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी उंच स्टुलावर बसते, गिटारच्या खुंट्या पिळून तारा जुळवते, गळ्याला सोयीची पट्टी मिळावी म्हणून गिटारच्या मानेवर कॅपोचा चिमटा चढवते आणि स्वतः लिहिलेलं गाणं म्हणू लागते. मागे वाद्यवृंद नसतो. सूर एखाद्या ठिकाणी हलतो, कडवं विसरायला होतं. तरी टेबलांवरची कुजबुज थांबते. ज्या पिढीच्या खिशातल्या फोनमध्ये जगभरचे वाद्यवृंद मावतात, ती पिढी एका माणसाचं आणि सहा तारांचं गाणं श्वास रोखून का ऐकते?

पहिलं उत्तर नादशास्त्रात सापडतं. छेडलेल्या तारेचा आवाज पहिल्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि लगेच ओसरू लागतो. पेटीचा किंवा व्हायोलिनचा सूर भाता वा गज चालू असेपर्यंत भरून राहतो. तारेचा सूर मात्र जागा करून देतो, आणि त्या जागेत शब्द येऊन बसतो. गिटारची सर्वांत जाड तार सुटी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ कंपनं होतात, सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३०. आपण बोलताना ‘त’ की ‘ट’, ‘स’ की ‘श’ हे कानाला ज्यामुळे कळतं, ती व्यंजनांची धार बरीचशी दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात असते. तारेचे उपस्वर तिथवर पोचतात, पण क्षीण होऊन. म्हणजे वाद्य खालून आधार देतं आणि शब्दाच्या वाटेत येत नाही. ‘ळ’, ‘ण’, ‘ठ’ अशा ठसठशीत अक्षरांच्या मराठीला ही मोकळीक फार मानवते.

आपल्याकडं हे काम तुणतुण्यानं केलं. लाकडी नळकांडं, त्याच्या बुडाला ताणून बसवलेलं कातडं, कडेला ठोकलेली काठी, कातड्याच्या मधोमध ओवून वर खुंटीला नेलेली तार. शाहिराच्या षड्‌जाला ती मिळवायची आणि लाकडाच्या छोट्या तुकड्यानं छेडत राहायचं. शाहिराचा साथीदार, झीलकरी, मागं उभा राहून ती वाजवतो. एकच सूर, पण तो आधारसूरही देतो आणि लयही धरतो. गिटारमध्ये या दोन्हींच्या जोडीला स्वरसंगती आली: कॉर्ड बदलली की त्याच ओळीचा भाव बदलतो. एवढी भर सोडली, तर गाणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही वाद्यांचं कर्तव्य एकच आहे. ‘तेच ते तुणतुणं वाजवणं’ असं आपण कंटाळ्यानं म्हणतो, तो त्या वाद्यावर अन्याय आहे. त्याच्या न बदलण्यामुळेच शाहिराला मधल्या मधे कडवं वाढवता येतं, समोरचा माणूस पाहून नाव बदलता येतं, गद्यात शिरून परत सुरावर येता येतं.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इथं शब्दाची जबाबदारी घेणारा माणूस समोर बसलेला असतो. चित्रपटाचं गाणं एकानं लिहिलेलं, दुसऱ्यानं बांधलेलं, तिसऱ्यानं गायलेलं आणि चौथ्यानं पडद्यावर ओठांत घेतलेलं. ते सुंदर असतं, पण त्यातल्या दुःखाबद्दल जाब कुणाला विचारायचा? स्वतःचं गाणं गाणाऱ्याला तो विचारता येतो. मराठीत तर ही सही गाण्याच्या पोटातच असते. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, शाहिरांच्या कवनांत त्यांचं नाव गुंफलेलं असतं. वामनदादांच्या गीतांच्या अखेरच्या कडव्यांतही ‘वामन’ भेटतो, आणि त्यांच्या एका संग्रहाचं नावच ‘हे गीत वामनाचे’ असं आहे.

वामनदादांवर थोडं थांबलंच पाहिजे. पोटासाठी मुंबईला गेलेला, मिळेल ती मजुरी करणारा हा तरुण निरक्षर होता. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, ते वाचता येईना. ती खंत मनाला लागली आणि मोठ्या वयात त्यांनी अक्षरं गिरवली, रस्त्यावरच्या पाट्या वाचून ती पक्की केली. १९४३च्या सुमाराला ते गाणी रचू लागले आणि मग थांबले नाहीत. रचना हजारांनी भरतील एवढ्या. कार्यक्रमात साथीला पेटी-ढोलकी असायची, पण माणसं यायची ती वामनदादांच्या शब्दांसाठी. खेडोपाडी, वस्त्यावस्त्यांत मुक्काम करत, ज्या घरी उतरले तिथंच कागद पुढं ओढून त्यांनी आंबेडकरी चळवळ गाण्यातून लोकांच्या तोंडी बसवली. त्यांच्याआधी नाशिक जिल्ह्यातूनच भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं वाट पाडली होती. जलशाला ताफा लागतो, माणसं लागतात. कवी-गायकाला वही आणि गळा पुरतो. तो एसटीनं जाऊ शकतो, आणि म्हणूनच जिथं ताफा परवडत नाही तिथं पोचतो. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्येच वामनदादा गेले.

गायलेल्या शब्दाचं वजन नाशिकनं फार जवळून पाहिलं आहे. पायांनी पंगू असलेले कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, याच शहरात राहून लिहीत होते. सावरकरांच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेतली मुलं त्यांचे पोवाडे गात. बाबाराव सावरकरांनी त्यांच्या कविता छापल्या, म्हणून १९०९ मध्ये इंग्रज सरकारनं बाबारावांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. एवढं सगळं काही चालीवर म्हणायच्या कवितांवरून पेटलं.

२०१६ मध्ये बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा गाणं हे साहित्य आहे का, असा वाद जगभर झाला. ज्यांचा सर्वांत मोठा कवी टाळ-वीणेवर गायला जातो, त्या मराठी माणसांना हा प्रश्न पडायला नको होता. पण आपल्यालाही तो पडला होता. तुकोबांना डोक्यावर घेणाऱ्या याच समाजातल्या साहित्यिक वर्तुळांनी वामनदादांना दीर्घकाळ ‘गाणी लिहिणारे’ म्हणून दाराबाहेर ठेवलं. ती उपेक्षा जातीची होती तशीच ती गाण्याला कवितेहून खालचं मानण्याचीही होती, आणि त्याबद्दल अजून पुरेसं बोललं गेलेलं नाही.

एकट्यानं गाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे स्वातंत्र्य, आणि त्याचं आपल्या शेजारचं ठळक उदाहरण गोव्याचे रेमो फर्नांडिस. १९८४ चा ‘गोवन क्रेझी’ त्यांनी शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. मोठ्या कंपनीची परवानगी लागली नाही. आज ते काम फोन करतो. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन बाबासाहेबांची गाणी म्हणतात. ती गाणी मोबाइलवरून घराघरांत पोचली. त्यामागे ना स्टुडिओ होता, ना जाहिरात. एका तारेत आणि सच्च्या गळ्यात अजून केवढी ताकद आहे, हे ज्याला पाहायचं त्यानं कडूबाईंना ऐकावं.

मग आमच्या कॅफेतल्या गिटारवाल्या मुलांचं काय? त्यांचं मला मनापासून कौतुक आहे, आणि एक तक्रारही आहे. त्यांची बरीच गाणी हिंदीत असतात, आणि त्यांतलं शहर कुठलंही असू शकतं: पाऊस, खिडकी, कॉफी, दूर गेलेली ती. निफाडचा द्राक्षबाग गारपिटीत झोपतो, लासलगावच्या लिलावात कांद्याचा भाव पुकारला जातो, अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटतात, गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून गाव पाणी मोजतं. हे सगळं ती मुलं रोज पाहतात. ते गिटारवर यायला काहीच अडचण नाही. ओवी-अभंगांच्या चाली आणि आठ मात्रांचा ठेका गिटारच्या ठोक्यात सहज बसतात, प्रयत्न करून पाहणाऱ्या कुणालाही ते कळेल. परशरामानं आणि वामनदादांनी जे केलं तेच करायचं: आपल्या बोलीतला शब्द, आपल्या माणसांची गोष्ट आणि शेवटी आपलं नाव.

गाणं पारखायचीही एक सोपी रीत आहे. गिटार बाजूला ठेवायची आणि बघायचं, गाणं उभं राहतं का. वामनदादांची गाणी पेटीवाचून, ढोलकीवाचून, वस्तीतल्या बाया भाकरी थापतानाही म्हणतात. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीआधी आठवडाभर ती नाशिकच्या गल्ल्यांमध्ये ऐकू येतात, आणि म्हणणाऱ्यांत त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेली मुलं पुष्कळ असतात.