फलकाआधी भिंत

दुकानाचं रूप पालटायचं ठरलं की पहिला फोन जातो बोर्डवाल्याला. रुंदी किती, अक्षरं केवढी, दिवे आतून की वरून, एवढ्यावर दर ठरतो आणि जुन्या बोर्डाच्या जागी त्याहून मोठा नवा चढतो. मागची भिंत कशी आहे, हे कुणी विचारत नाही. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर पाव शतकापूर्वी हा क्रम उलटा करून पाहिला गेला. त्या कामाची आठवण आपण फारच कमी ठेवली आहे.

हा रस्ता क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकापर्यंत जातो. जुन्या लोकांच्या तोंडी तो हॉर्नबी रोड. १८६०च्या दशकात कोटाची तटबंदी पाडली आणि तो रुंद झाला. पुढे १८९६मध्ये नियम आला की रस्त्यालगतच्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवावी. त्यामुळे कुणी गॉथिक बांधलं, कुणी नवअभिजात, तरी खालची ओवरी सलग राहिली. गिऱ्हाईक ऊन-पाऊस चुकवत एका दुकानातून दुसऱ्यात जाऊ शकत होतं. दुकानाची दर्शनी बाजू कशी असावी याचा इतका विचारी आराखडा मुंबईत पुन्हा क्वचितच झाला.

१९९०च्या दशकात मात्र या कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. पत्र्याची पेटी, आत ट्यूबलाइट, पुढे अ‍ॅक्रिलिक किंवा फ्लेक्स, असा ग्लो-साइन प्रत्येकाला हवा होता. एकाने चार फुटांचा लावला की शेजारी सहा फुटांचा लावणार. ही पेटी बसवतात कशी, ते एकदा जवळून बघावं. घडीव दगडात भोकं पाडून लोखंडी अँगल ठोकतात. पावसाचं पाणी त्या भोकांत मुरतं, लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि आतून दगडाला रेटतं. काही पावसाळ्यांनी कोरीव कामाचा टवका निघतो आणि खाली तांबूस ओघळ उतरतात. बोर्ड काढल्याशिवाय हे कुणाला दिसतच नाही.

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली. इमारतींना कागदावर संरक्षण मिळालं, पण बोर्ड जागच्या जागी राहिले. मग १९९८च्या सुमारास वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास हाती घेतला. इमारतींच्या दर्शनी बाजू आधी कागदावर उतरवल्या आणि मग कुठल्या कमानीत फलक कुठे आणि केवढा बसेल ते ठरवलं. तत्त्व सोपं होतं. फलक कमानीच्या पोकळीत बसावा आणि कोरीव दगड मोकळा राहावा.

खरा कस लागला तो दुकानदारांना पटवताना. बोर्ड लहान झाला तर धंदा बसेल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. शेजाऱ्याचा बोर्ड मोठाच राहणार असेल तर आपण एकट्यानं का आकसायचं? म्हणूनच हे काम दुकानागणिक न होता रस्त्यागणिक व्हावं लागलं. इथल्या दुकानदारांनी आणि भोगवटादारांनी ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ उभारली आणि पदरचे पैसे घालून फलक बदलले. २००४मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. त्या व्यापाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण पुरस्कारापेक्षा अवघड गोष्ट त्यांनी आधीच केली होती.

आणखी एक गोष्ट तिथं चालताना लक्षात येते. ओवरीतून जाणाऱ्या माणसाला बाहेर, कमानीच्या वर लावलेला बोर्ड दिसतच नाही. त्याला दिसतं ते दार, काच आणि काचेमागचा माल. वरचा राक्षसी बोर्ड फक्त रस्त्यापलीकडच्या किंवा गाडीतल्या माणसासाठी असतो, आणि गाडीतल्याला तिथं थांबताही येत नाही. आपलं गिऱ्हाईक कुठून चालत येतं, हे पाहून आखणी केली तर बोर्डाचा निम्मा खर्च काचेवर आणि आतल्या उजेडावर घालता येतो.

रूप बदलण्याची दुसरी मोठी संधी अलीकडे आली. दुकानांविषयीच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनं राज्यातल्या सगळ्या लहानमोठ्या दुकानांना देवनागरी लिपीतला मराठी फलक सक्तीचा झाला. त्यावरची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असंही ठरलं. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी माणूस म्हणून मला याचा आनंद झाला आणि आजही आहे. पण घाईत अनेकांनी रोमन अक्षरांच्या वर उरलेल्या पट्टीत मराठी नाव चिकटवून दिलं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा लागते. रोमन मोठ्या अक्षरांइतक्याच उंचीत तिला कोंबलं की एकतर मूळ अक्षर बारीक होतं, नाहीतर उकार कडेला कापला जातो.

त्या पट्ट्या आज ना उद्या उचकटतील आणि नवे फलक करावेच लागतील. तेव्हा बोर्डवाल्याला बोलावण्याआधी जुना बोर्ड उतरवून भिंत एकदा उघडी करून बघावी, दगड असेल तर छिद्रं सांध्यातल्या चुन्यात घ्यावीत, आणि माप घेताना मराठी नाव आधी लिहून त्यावरून फलकाची उंची ठरवावी.